मोठ्या झालेल्या मुलाची आई

सावित्रीबाई फुल्यांचे नाव निघाले की आपणा भगिनींना प्रथम पुण्यातील मुलींची शाळा आठवते. मला मात्र त्यांचे आईपणही तितकेच थोर वाटते.

सातारा जिल्ह्यातील नायगावी ३ जानेवारी १८३१ रोजी त्यांचा जन्म झाला. १८४० मध्ये जोतीरावांशी विवाह झाला. पोटी संतान नव्हते. फसवल्या गेलेल्या विधवांसाठी या दांपत्याने १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. तेथे आश्रयास आलेल्या काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा त्यांनी १८७४ मध्ये पदरी घेतला. तोच यशवंत.

तान्ह्या मुलाला कोणीही कडेवर घेईल. परक्या मुलाशी जोडलेले नाते खरे की वरवरचे, हे ते मूल मोठे झाल्यावर कळते. फुले दांपत्याने यशवंताला शिकवले. १८८७ मध्ये जोतीरावांनी मृत्युपत्र करून त्याला वारस नेमले. ४ फेब्रुवारी १८८९ रोजी ग्यानोबा ससाणे यांची कन्या राधा हिच्याशी त्याचे सत्यशोधक पद्धतीने लग्न झाले.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. दत्तक मुलाने अंत्यविधी करण्यास भाऊबंदांनी हरकत घेतली. तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः हाती टिटवे धरले आणि त्या अंत्ययात्रेपुढे चालल्या. वैधव्याच्या त्या घटकेसही त्यांनी मुलाचा हात सोडला नाही.

१८९७ मध्ये पुण्यात प्लेगने थैमान घातले. सावित्रीबाईंनी डॉक्टर झालेल्या यशवंताला बोलावून घेतले. हडपसरजवळच्या ससाण्यांच्या मळ्यात दवाखाना निघाला. आई रोग्यांना आणी, मुलगा उपचार करी. मुंढव्याच्या पांडुरंग गायकवाड या आजारी मुलाला त्यांनी पाठीवर वाहून आणले. मुलगा वाचला, सावित्रीबाईंना मात्र लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांनी देह ठेवला.

भगिनींनो, बालगृहातील मुलांचे छत्र आजही अठराव्या वर्षी सुटते. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची सोय ठेवली आहे. पण कायदा खोली देईल, शिकवणी देईल. दिवाळीला घरी बोलावणारे माणूस कोठून देणार? नोकरी लागली तर पेढे कोणाला द्यावेत, ताप आला तर कोणाला कळवावे, मुलगी असेल तर बाळंतपणाला कोठे जावे?

आपल्या भंडारा जिल्ह्यातील एकेका घराने अशा एकेका मुलामुलीला कायमचे आपले म्हटले, तर तिला माहेर मिळेल आणि त्याला घर. मात्र एकदा धरलेला हात सोडू नये. सावित्रीबाईंच्या तसबिरीला हार घालताना एवढा निश्चय आपण करावा, अशी माझी विनंती आहे.