धूळ कोणी काढायची? : कोकणचे अप्पासाहेब पटवर्धन

लेख एका थोर माणसाच्या आयुष्यावर आहे, पण सुरुवात मात्र आमच्या घरच्या कॉम्प्युटरपासून करावी लागतेय. त्याला इलाज नाही, कारण त्या कॉम्प्युटरच्या पंख्यात धूळ साचली नसती तर मी अप्पासाहेबांपर्यंत पोचलोच नसतो.

दिवाळीच्या सुट्टीत मालवणला घरी गेलो होतो. बाहेरच्या खोलीत आमचा जुना डेस्कटॉप आहे. पाच-सात मिनिटं चालला की त्याचा पंखा असा घोंघावायचा, की शेजारच्या काकूंना वाटावं, आमच्याकडे पिठाची गिरण बसवलीय. थोड्या वेळाने सगळं संथ व्हायचं आणि मग मशीन आपोआप बंद. एका दुरुस्तीवाल्याला दाखवला. त्याने बाहेरूनच बघून मदरबोर्ड गेल्याचं सांगितलं आणि चार आकडी खर्च सुनावला. मी इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. हीट ट्रान्सफरच्या पेपरात फिन्सवर पानंच्या पानं लिहून आलेला. पण स्क्रू-ड्रायव्हर घेऊन कॅबिनेट उघडावं असं काही मनात आलं नाही.

आजोबा झोपाळ्यावर बसून हे बघत होते. त्यांनी एवढंच विचारलं, की तू आत काय आहे ते बघितलंस का? मी म्हटलं, आत नुसती धूळ असणार, ती काढायला माणूस बोलावू. त्यावर ते जरा गप्प बसले आणि मग त्यांनी अप्पासाहेब पटवर्धनांचं नाव काढलं. खरं सांगतो, कणकवलीवरून शेकडो वेळा एस.टी.ने गेलो असेन, गोपुरी आश्रमाचं नावही ऐकलेलं, पण माणूस कोण हे माहीत नव्हतं. मग वाचत गेलो. त्यातलं जे मनात राहिलं ते इथे देतोय.

सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन हे त्यांचं पूर्ण नाव. जन्म १८९४ चा, रत्नागिरी जिल्ह्यातला. तेव्हा आपला सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा नव्हता, तो १ मे १९८१ ला झाला. म्हणजे अप्पासाहेबांच्या हयातीत मालवण, कणकवली, वेंगुर्ला सगळं रत्नागिरीतच मोडत होतं. घर चित्पावन ब्राह्मणाचं, मुलगा अभ्यासात अतिशय हुशार. त्या काळात अशा मुलाचा रस्ता ठरलेला असे : शिष्यवृत्ती, पदवी, मग सरकारी नोकरी नाहीतर प्राध्यापकी. आजच्या भाषेत कॅम्पस प्लेसमेंट पक्की. अप्पासाहेब त्या रस्त्याने बरंच पुढे गेले, उच्च शिक्षण घेतलं, आणि मग तो रस्ता सोडून गांधीजींच्या साबरमती आश्रमात दाखल झाले.

आश्रमात प्रार्थना, सूतकताई होतीच, पण तिथला खरा धडा वेगळा होता. संडास साफ करायला तिथे वेगळी माणसं नव्हती. आश्रमवासी पाळीपाळीने ते काम करत. वरच्या जातीत वाढलेल्या माणसाला हे किती जड गेलं असेल, याची कल्पना आज आपल्यालाही करता येईल. हॉस्टेलच्या बाथरूमची जाळी तुंबली की आपण काय करतो ते आठवून बघा! अप्पासाहेबांच्या मनात मात्र हा धडा असा रुजला की पुढचं सगळं आयुष्य त्याच्याभोवती फिरत राहिलं.

ते कोकणात परतले आणि खादी, शिक्षण, अस्पृश्यता निवारण अशा कामांना लागले. गांधीजींची आत्मकथा मराठीत आणण्याचं कामही त्यांनीच केलं. मराठी वाचकांच्या कित्येक पिढ्यांनी ते पुस्तक त्यांच्याच भाषांतरातून वाचलं.

मग आलं १९३०. दांडीयात्रेनंतर देशभर मिठाचा सत्याग्रह पेटला. महाराष्ट्रात त्याचं एक मोठं ठिकाण होतं आपलं शिरोडा. वेंगुर्ले तालुक्यातल्या या गावात मिठागरं होती. वि. स. खांडेकर तेव्हा तिथल्याच शाळेत शिक्षक होते. मे १९३० मध्ये तिथे सत्याग्रह झाला, ठिकठिकाणाहून माणसं आली, लाठ्या खाल्ल्या, तुरुंगात गेली. या सत्याग्रहाच्या नेत्यांत अप्पासाहेब होते. इंग्रज सरकारशी भांडणारा पुढारी म्हणून त्यांचं नाव झालं ते तेव्हापासून.

पण माझ्या मते त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात विलक्षण प्रसंग दोन वर्षांनंतरचा, १९३२ मधला आहे. कायदेभंगात शिक्षा होऊन ते रत्नागिरीच्या तुरुंगात होते. तुरुंगात कामाची वाटणी जातीवर चाले. मैला उचलायचं काम ठरावीक जातींच्या कैद्यांनीच करायचं, असा नेम होता. अप्पासाहेबांनी अधिकाऱ्यांकडे मागणी केली की हे काम मला द्या. अधिकारी चक्रावले असणार. कैदी हलकं काम मागतात, सुटका मागतात, बरं जेवण मागतात. हा ब्राह्मण कैदी मैल्याची बादली मागतोय! त्यांना साफ नकार मिळाला.

अप्पासाहेब काही हटले नाहीत. त्यांनी आपला आहार कमी करून प्रतिकार सुरू केला. तब्येत ढासळायला लागली. ही बातमी येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींपर्यंत पोचली. गांधीजींचं सप्टेंबरमधलं उपोषण आणि पुणे करार होऊन तेव्हा जेमतेम दोन-सव्वादोन महिने झाले होते, शरीर अजून भरून आलं नव्हतं. तरीही डिसेंबर १९३२ च्या सुरुवातीला त्यांनी अप्पासाहेबांच्या पाठिंब्यासाठी पुन्हा उपोषण धरलं. सरकारला हालचाल करावी लागली, प्रश्नाचा विचार करण्याचं आश्वासन मिळालं, आणि उपोषण थोडक्यात सुटलं. रत्नागिरीच्या कोठडीतल्या एका माणसाच्या झाडूसाठी दिल्लीपर्यंत तारा वाजल्या, असं म्हणायला हरकत नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. अप्पासाहेबांनी हे काम मागून घेतलं. ज्यांच्यावर ते जन्माने लादलं होतं, त्यांना नको म्हणायचीही सोय नव्हती. या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नेमका हाच मुद्दा लावून धरला. सफाईच्या कामाला पवित्र म्हणून गौरवल्याने ते करणाऱ्याची सुटका होत नाही, उलट तो त्यातच अडकून पडतो, ही त्यांची टीका होती. हातांनी मैला उचलण्याची प्रथा बंद करण्यासाठी देशाला १९९३ मध्ये एक आणि २०१३ मध्ये दुसरा, जास्त कडक कायदा करावा लागला. गटारात उतरून माणसं मेल्याच्या बातम्या त्यानंतरही आल्या. म्हणजे टीका पोकळ नव्हती.

आणि मला अप्पासाहेब इंजिनीअरिंगच्या पोरांचे वाटतात ते याच ठिकाणी. झाडू हातात घेऊन आदर्श दाखवला आणि झालं, असं त्यांनी केलं नाही. स्वातंत्र्यानंतर, १९४८ मध्ये, त्यांनी कणकवलीजवळ गड नदीच्या काठी गोपुरी आश्रम उभा केला. पुढारी म्हणून मुंबईत किंवा दिल्लीत खुर्ची मिळवायचे ते दिवस. हे गृहस्थ तेव्हा खत, कातडी आणि संडास यांचे प्रयोग करत बसले होते. त्यांचा प्रश्न साधा होता. हे काम घाण का आहे? ते कामच असं बदलता येईल का, की कुणालाही ते करताना किळस वाटू नये आणि कुणा एका जातीची त्याला गरजच उरू नये?

या विचारातून जे तयार झालं ते गोपुरी संडास या नावाने ओळखलं जातं. तत्त्व अगदी सोपं. दोन कप्पे. एक वापरात असताना दुसरा बंद. प्रत्येक वेळी वरून माती, राख किंवा पालापाचोळा टाकायचा, म्हणजे दुर्गंधी नाही, माशा नाहीत. कप्पा भरला की तो बंद ठेवून दुसरा सुरू करायचा. बंद कप्प्यात सूक्ष्म जीव आपलं काम करत राहतात आणि काही महिन्यांनी उघडलं की हाताशी येतं ते सोनखत. डोक्यावर पाटी घेऊन जाणाऱ्या माणसाची गरजच संपली. नारळी-पोफळीच्या बागांना खत मिळालं ते वेगळंच. मेलेल्या जनावरांच्या बाबतीतही तीच दृष्टी : कातडं कमवायचं, हाडा-मांसाचं खत करायचं, काही वाया घालवायचं नाही, आणि हे काम करणाऱ्याला कमी लेखायचं नाही. ब्राह्मण घरातल्या माणसाने मेलेली गुरं फाडायला बसावं, याबद्दल त्या काळच्या कोकणात काय काय बोललं गेलं असेल, ते आपल्या गजाली ऐकलेल्या कुणालाही समजेल.

लोक त्यांना कोकणचे गांधी म्हणू लागले. १९७१ मध्ये ते गेले. आमच्या आजोबांनी शाळकरी वयात त्यांना एकदा कणकवलीत लांबून पाहिलं होतं. त्यांच्या लक्षात राहिलंय ते इतकंच, की माणूस अगदी साधा दिसत होता.

एवढं सगळं ऐकल्यावर मी काय करणार? मुकाट्याने कॅबिनेट उचललं आणि अंगणात नेलं.

आता आपल्यापैकी ज्यांना हे करायचंय त्यांच्यासाठी थोडक्यात कृती. आधी मशीन बंद करा, वायर भिंतीतून काढा आणि पॉवरचं बटण काही सेकंद दाबून ठेवा, म्हणजे बोर्डवर उरलेला चार्ज निघून जातो. आतल्या भागांना हात लावण्यापूर्वी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात टेकवा, अंगावरची स्थिर वीज उतरते. मऊ, कोरडा रंगाचा ब्रश घ्या. पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा आणि मगच हवा मारा. नाहीतर पंखा भलत्याच वेगाने फिरून बेअरिंग खराब व्हायची भीती. घरातला व्हॅक्युम क्लीनर आत घालू नका, त्याने स्थिर वीज तयार होते. ओलं फडकं तर मुळीच नको. आणि पॉवर सप्लायचा डबा उघडू नका, वायर काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये धक्का देण्याइतका चार्ज राहू शकतो. त्याची धूळ बाहेरूनच उडवा.

आमच्या कॅबिनेटात काय होतं म्हणता? प्रोसेसरवरच्या हीट सिंकच्या फिन्समध्ये तांबड्या मातीचा आणि कापसाचा चक्क नमदा बसला होता. पंखा जीव तोडून फिरत होता, पण हवा जाणार कुठून? उष्णता बाहेर पडत नाही, मग प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, तरी भागलं नाही की मशीन बंद पडतं. मदरबोर्ड बिचारा ठणठणीत होता. आपल्या किनाऱ्यावर आणखी एक भानगड आहे. खाऱ्या वाऱ्यातलं मीठ धुळीत बसतं, मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि ती ओलसर धूळ बोर्डावर राहिली की धातूचे सांधे गंजायला लागतात. म्हणून घाटावर वर्षातून एकदा चालत असेल, पण आपल्याकडे पावसाळ्याच्या आधी एकदा आणि नंतर एकदा तरी कॅबिनेट उघडायलाच हवं. खर्च किती आला? ब्रशचे तीस रुपये. वेळ, पाऊण तास.

सुट्टी संपवून हॉस्टेलवर आलो, तर आपल्या कॉम्प्युटर रूममध्ये तोच घोंघाट. आजवर तो मला ऐकूच येत नव्हता. खोली झाडणाऱ्या काकांना मशीनला हात लावायची परवानगी नाही. आम्ही भावी इंजिनीअर, आम्हाला धुळीला हात लावायची सवय नाही. मग ती काढायची कोणी? मशीन बंद पडलं की तक्रारवहीत नोंद करायची आणि वाट बघायची, असं चाललंय. बरं, हे फक्त पंख्यांपुरतं नाही. मेसमधली ताटं, वॉशबेसिनमधले केस, जिन्यातले चहाचे कप, सगळीकडे आपण असं धरून चाललोय की मागून कुणीतरी येणार आहे. तो कुणीतरी कोण असतो, त्याचं नाव काय, हे आपल्यातल्या कितीजणांना सांगता येईल? मलाही गेल्या महिन्यापर्यंत येत नव्हतं.

लॅबच्या सरांशी बोललो आहे. शनिवारी दुपारी दोन तास खोली उघडी मिळेल, सर स्वतः थांबणार आहेत. एकूण चोवीस मशीन आहेत. मी सहा ब्रश आणले आहेत. ज्यांना यायचंय त्यांनी जुना शर्ट घालून यावं, धूळ भरपूर आहे.