बटाट्याच्या पेशीत डोकावणाऱ्या कमलाबाई सोहोनी



या वेळच्या भित्तिपत्रकात आम्ही एका थोर शास्त्रज्ञ बाईंची माहिती देत आहोत. त्यांचं नाव डॉ. कमलाबाई सोहोनी. लेखिका दुर्गा भागवत यांचं नाव पुष्कळांनी ऐकलेलं असतं. कमलाबाई या त्यांच्या धाकट्या बहीण. एका बहिणीनं लोककथा आणि साहित्याचा अभ्यास केला, तर दुसरीनं डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशीचा.

कमलाबाईंचं काम समजायला पेशी म्हणजे काय हे आधी बघावं लागेल. हा धडा हायस्कुलात येतो, पण तो अवघड मुळीच नाही.

आपला जुना वाडा दगडामातीनं बांधलेला असतो, तसा प्रत्येक सजीव पेशींनी बांधलेला असतो. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञानं 1665 साली बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्याला लहान लहान खोल्या दिसल्या. त्यावरून पेशी हे नाव पुढं आलं. काही जीव एकाच पेशीचे असतात. मोठ्या माणसाच्या अंगात मात्र सुमारे 30 ते 37 लाख कोटी पेशी असतात.

पेशी म्हणजे एक छोटा वाडाच समजा. तिच्याभोवती पातळ पडदा असतो, त्याला प्रद्रव्यपटल म्हणतात. आत काय घ्यायचं आणि बाहेर काय सोडायचं, हे तो दारावरच्या राखणदारासारखा ठरवतो. झाडांच्या पेशीला त्याच्या बाहेरून आणखी एक भिंत असते, ती पेशीभित्तिका. माणसाच्या आणि जनावरांच्या पेशीला ही भिंत नसते. आतमध्ये दाट रसासारखं पेशीद्रव्य असतं. त्यात केंद्रक असतं, तो वाड्याचा कारभारी. झाडाच्या पेशीत पाणी आणि इतर पदार्थ साठवणारी मोठी रिक्तिका असते, म्हणजे जणू रांजण. हिरव्या पानांच्या पेशीत हरितलवके असतात, ती उन्हाच्या मदतीनं अन्न तयार करतात. आणि वाड्यात चूल असते तशा पेशीत तंतुकणिका असतात. अन्नातली शक्ती मोकळी करण्याचं मुख्य काम तिथं चालतं. कमलाबाईंचा शोध या चुलीशीच जोडलेला आहे. आता त्यांच्या आयुष्याकडे वळू.

कमलाबाईंचा जन्म इंदूरचा, भागवतांच्या घरातला. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्र शिकलेले. बंगळूरच्या टाटांच्या विज्ञान संस्थेतून बाहेर पडलेल्या पहिल्या विद्यार्थ्यांत ते होते. आपणही तिथंच शिकायचं, असं कमलाबाईंनी मनाशी धरलं. 1933 साली त्या मुंबई विद्यापीठातून बी.एस्सी. झाल्या आणि त्यांनी बंगळूरला अर्ज पाठवला.

तो अर्ज नामंजूर झाला. मार्क कमी होते म्हणून नव्हे, अर्ज मुलीचा होता म्हणून! त्या वेळी संस्थेचे संचालक होते सर सी. व्ही. रामन. 1930 साली नोबेल पारितोषिक मिळवलेले जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ. त्यांचं असं मत होतं, की मुलींनी संशोधनात येऊ नये.

दुसरी एखादी असती तर रडून गप्प बसली असती. कमलाबाई थेट बंगळूरला गेल्या. प्रवेश नाकारण्याचं कारण त्यांनी समोर उभं राहून विचारलं. तो गांधीजींच्या सत्याग्रहाचा काळ होता. प्रवेश मिळाला नाही तर कचेरीसमोर सत्याग्रह करीन, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. अखेर रामन यांनी प्रवेश दिला, पण अटी घालून. पहिलं एक वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून नोंद होणार नाही. मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीसुद्धा काम करावं लागेल. आणि त्यांच्या असण्यानं प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडता कामा नये. अशा अटी मुलांना नव्हत्या. कमलाबाईंच्या मनाला हे फार लागलं, आणि पुढं आयुष्यभर त्या हा अपमान विसरल्या नाहीत. तरी त्यांनी अटी मान्य केल्या, कारण शिकायचं होतं.

त्यांचे मार्गदर्शक श्रीनिवासय्या हे कडक पण चांगले शिक्षक होते. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध आणि डाळी-कडधान्यांतल्या प्रथिनांचा अभ्यास केला. वर्षभरात रामन यांचं समाधान झालं आणि नियमित प्रवेश मिळाला. 1936 साली त्या विशेष प्रावीण्यासह एम.एस्सी. झाल्या. त्यानंतर त्या संस्थेचं दार इतर मुलींसाठीही उघडलं.

पुढं शिष्यवृत्ती मिळवून कमलाबाई इंग्लंडला केंब्रिज विद्यापीठात गेल्या. जीवनसत्त्वांवरच्या कामासाठी 1929 साली नोबेल मिळवलेले हॉपकिन्स तिथं होते. त्यांच्या प्रयोगशाळेत कमलाबाईंना जागा मिळाली. तिथंच रॉबिन हिल यांच्याबरोबर त्यांनी झाडांच्या पेशींवर काम सुरू केलं. प्रयोगाला घेतला साधा बटाटा, म्हणजे आपल्याकडे काहीजण ज्याला आलू म्हणतात तो.

आता बटाट्यात शोधायचं काय होतं?

आपण श्वास घेतो तेव्हा हवेतला ऑक्सिजन रक्तातून प्रत्येक पेशीपर्यंत जातो. चुलीत लाकूड एकदम भडकतं. पेशीत मात्र अन्नातली साखर एकदम जळत नाही. ती टप्प्याटप्प्यानं मोडते आणि शक्ती थोडी थोडी करून बाहेर येते. एकदम जळाली असती तर पेशीच भाजून निघाली असती. या कामात इलेक्ट्रॉन नावाचे अतिसूक्ष्म कण एकाकडून दुसऱ्याकडे दिले जातात. विहिरीपासून माणसं ओळीनं उभी राहून घागर हातोहात पुढं देतात ना, अगदी तसं. ओळीच्या शेवटी ऑक्सिजन उभा असतो. तो इलेक्ट्रॉन घेतो आणि त्याचं पाणी होतं. या ओळीतून मिळालेली शक्ती एटीपी नावाच्या पदार्थात साठवली जाते. धावायला, वाढायला, विचार करायला हीच शक्ती खर्च होते.

या ओळीत अगदी शेवटाजवळ उभा असलेला एक गडी म्हणजे सायटोक्रोम सी. हे एक लहानसं प्रथिन आहे. रक्तातल्या हिमोग्लोबिनप्रमाणे त्याच्यातही लोह असतं, त्यामुळं ते लालसर दिसतं. माणसाच्या अंगातलं हे प्रथिन 104 अमिनो आम्लांची माळ आहे. डेव्हिड केलिन या शास्त्रज्ञानं 1925 साली केंब्रिजमध्येच सायटोक्रोमची ओळख जगाला करून दिली होती. पण झाडांच्या पेशीत ही ओळ खरोखर प्राण्यांसारखीच चालते का, याचा पुरेसा पुरावा हाती नव्हता. झाड जागचं हलत नाही, त्याला नाक नाही, फुप्फुस नाही. मग त्याच्या पेशी श्वसन कसं करतात?

कमलाबाईंनी बटाट्याच्या पेशींवर प्रयोग करून दाखवलं, की वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी असतं आणि ते श्वसनाच्या कामात भाग घेतं. म्हणजे आपल्या गोठ्यातला बैल, रानातली तूर, पाटीतला बटाटा आणि आपण स्वतः, या सगळ्यांच्या पेशीतली चूल एकाच रीतीनं पेटते. घरी मटकीला मोड आणायला फडक्यात बांधून ठेवतात. ते गाठोडं कधी कधी हाताला जरा उबदार लागतं. ती ऊब म्हणजे मटकीच्या पेशींचं श्वसन!

हा सगळा अभ्यास कमलाबाईंनी अवघ्या 14 महिन्यांत पुरा केला. त्यांचा प्रबंध फक्त 40 पानांचा होता, आणि त्यावर त्यांना केंब्रिजची पीएच.डी. मिळाली. परदेशात जाऊन विज्ञानात ही पदवी मिळवणाऱ्या अगदी पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांचं नाव आहे.

त्यांना परदेशात राहून मोठी नोकरी करता आली असती. पण 1939 साली त्या मायदेशी परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात त्यांनी जीवरसायनशास्त्र विभाग सांभाळला. मग कुन्नूरच्या पोषण संशोधनशाळेत त्या सहाय्यक संचालक होत्या. 1947 साली श्री. सोहोनी यांच्याशी लग्न झाल्यावर त्या मुंबईला आल्या आणि तिथल्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये प्राध्यापक झाल्या.

इथून पुढचं त्यांचं काम गोरगरिबांच्या ताटाशी जोडलेलं आहे. आपल्या लोहारा भागात तूर, हरभरा, उडीद पिकतो, आता सोयाबीनही भरपूर असतं. डाळीत प्रथिनं पुष्कळ. पण कच्च्या कडधान्यात प्रथिनं पचू न देणारे पदार्थही असतात. कमलाबाईंनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी अशा पदार्थांवर संशोधन केलं. नीट शिजवल्यावर त्यांचा जोर बराच कमी होतो. म्हणून आपली आई वरणाला चांगली उकळी आणते ते उगीच नाही.

राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेवर काम केलं. ताड-शिंदीच्या झाडाचा ताजा गोड रस म्हणजे नीरा. नीरेत जीवनसत्त्वं आणि लोह असतं, कुपोषित मुलांना आणि गरोदर बायांना तिचा उपयोग होतो, असं त्यांना आढळलं. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. नीरा ताजीच प्यावी लागते. ऊन चढलं की तिच्यात यीस्ट हे एकपेशीय जीव वाढतात. ते साखरेचं मद्य करतात आणि नीरेची ताडी होते. तर बघा, इथंही पेशीचीच करामत आहे.

पुढं कमलाबाई त्या मुंबईच्या संस्थेच्या संचालक झाल्या. पण त्या पदासाठीही त्यांना वाट पाहावी लागली. बाई म्हणून आडवी आलेली भिंत केंब्रिजच्या पदवीनंही पुरती पडली नव्हती.

1966 साली मुंबईत नऊ महिलांनी मिळून कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया ही ग्राहकांची संस्था काढली. या संस्थेच्या कामात कमलाबाई होत्या. बाजारातल्या मालातली भेसळ ओळखायला त्यांनी लोकांना शिकवलं. 1998 साली दिल्लीत भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं त्यांचा सत्कार ठेवला. त्या सोहळ्यातच त्या कोसळल्या आणि थोड्याच वेळात त्यांचा अंत झाला.

पालकांनो, आपल्या शाळेतल्या मुलीही हुशार आहेत. सातवी झाली, आता बस झालं शिक्षण, असं घरात बोलणं निघालं तर कमलाबाईंचा 1933 सालचा तो अर्ज आठवा. तो नामंजूरच राहिला असता तर बटाट्यातला तो शोध आणि डाळी-नीरेवरचं त्यांचं काम आपल्याला त्यांच्याकडून मिळालं नसतं. मुलीचा हायस्कूलचा फॉर्म वेळेवर भरा, एवढीच आमची विनंती.

करून पाहा: कांद्याच्या आतल्या पाकळीची पातळ पारदर्शक साल सोला. काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ती सपाट पसरा. वर आयोडीनचा एक थेंब टाका. गुरुजींच्या किंवा बाईंच्या मदतीनं सूक्ष्मदर्शकाखाली बघा. विटांच्या भिंतीसारख्या ओळी दिसतील. एकेक वीट म्हणजे एकेक पेशी, आणि तिच्यातला गडद ठिपका म्हणजे केंद्रक. तंतुकणिका मात्र फार बारीक असतात, त्या अशा दिसणार नाहीत. चित्र काढून आणा, पुढच्या भित्तिपत्रकात लावू.