श्रीसंत गाडगे महाराज आणि रुग्णांच्या नातलगांची धर्मशाळा

पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक या क्षेत्री जाणाऱ्या भाविकांना श्रीसंत गाडगे महाराजांच्या धर्मशाळा परिचयाच्या आहेत. हजारो वारकऱ्यांनी तेथे पथारी टाकलेली आहे. परंतु महाराजांनी मुंबईत उभारलेली एक धर्मशाळा कोणत्याही देवालयासाठी नसून रुग्णालयासाठी आहे, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. महाराजांच्या चरित्रातील तो भाग भाविकांसमोर यावा, या हेतूने हा अल्प परिचय देत आहोत.

जन्म व बालपण

महाराजांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे एका परीट कुटुंबात झाला. वडिलांचे नाव झिंगराजी, आईचे सखुबाई व त्यांचे स्वतःचे नाव देबूजी. घरची स्थिती बरी होती; परंतु वडील मद्याच्या आहारी गेले. त्यात घरदार गेले, प्रकृती गेली आणि देबूजी लहान असतानाच पित्याचे छत्र हरपले. सखुबाई मुलाला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे माहेरी आल्या. देबूजींना शाळा मिळाली नाही. मामाची गुरे राखणे, नांगर धरणे, मोट हाकणे यातच त्यांचे बालपण सरले. पुढे मामाची जमीनही सावकाराच्या कर्जात गेली. व्यसन आणि कर्ज या दोन गोष्टी गरिबाचा संसार कशा बुडवितात, हे त्यांनी स्वतःच्या घरात पाहिले होते.

१८९२ साली त्यांचा विवाह कुंताबाईंशी झाला. मुलीच्या बारशाला मद्य-मांसाचे जेवण देण्याची त्या वेळी जातीत चाल होती. देबूजींनी ती मोडून पंगतीला गोड जेवण वाढले. भाऊबंद रागावले, पण ते डगमगले नाहीत.

गृहत्याग व लोकसेवा

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, हाती खराटा आणि जवळ एक फुटके गाडगे, एवढाच त्यांचा संसार. या गाडग्यावरूनच लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. गावात शिरले की प्रथम रस्ते व गटारे झाडावीत, दिवसभर श्रम करावे, मिळालेली भाकर खावी आणि रात्री कीर्तन करावे, असा त्यांचा क्रम असे. कीर्तनात ते श्रोत्यांना वऱ्हाडी बोलीत प्रश्न विचारीत व त्यांच्याच तोंडून उत्तर काढून घेत. कर्ज काढून सण व तीर्थयात्रा करू नये, देवापुढे पशूचा बळी देऊ नये, जातिभेद पाळू नये, मुलांना शाळेत घालावे, हे त्यांचे नेहमीचे विषय होत. पायावर डोके ठेवू पाहणाऱ्यास ते तसे करू देत नसत.

१९२३ साली त्यांचा मुलगा गोविंद याचे निधन झाले. ही वार्ता पोहोचली तेव्हा महाराज कीर्तनात उभे होते. त्यांनी ते कीर्तन अर्धे सोडले नाही.

तीर्थक्षेत्रीच्या धर्मशाळा

ऋणमोचन येथे पूर्णा नदीवर यात्रेकरूंचे हाल होत, म्हणून १९०८ साली महाराजांनी तेथे घाट बांधला. पंढरपुरास अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांना कोणी ओसरीही देत नसे. त्यांच्यासाठी १९१७ साली चोखामेळा धर्मशाळेचे काम सुरू झाले. ही वास्तू पुढे महाराजांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. त्यानंतर अनेक क्षेत्री धर्मशाळा, अन्नछत्रे, पाणपोया, गोरक्षणाच्या संस्था व विद्यार्थ्यांची वसतिगृहे उभी राहिली.

या कार्यासाठी लाखो रुपयांच्या देणग्या आल्या. महाराजांनी त्यांतील पैसा स्वतःसाठी घेतला नाही. वास्तू बांधावी, तिच्या व्यवस्थेसाठी विश्वस्त नेमावेत व आपण खराटा घेऊन पुढच्या गावास जावे, अशी त्यांची रीत होती. लोकांनी दिलेले धन ही लोकांची ठेव आहे व ते ज्या कारणासाठी दिले त्याच कारणी लागले पाहिजे, हा विश्वस्त संस्थेचा पाया या अक्षरशत्रू पुरुषाने आचरणाने घालून दिला. ८ फेब्रुवारी १९५२ रोजी श्री गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली व या कार्यास एकत्रित स्वरूप आले.

रुग्णालयाच्या दारी

मुंबईत सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून १८४५ साली जे. जे. रुग्णालय सुरू झाले. विदर्भ, खानदेश, मराठवाडा, कोकण येथून आजारी माणसाला घेऊन लोक तेथे येत. रुग्णास खाट मिळे, औषध मिळे. पण त्याच्याबरोबर आलेल्या बायकोने वा भावाने कोठे राहावे, याची सोय नसे. शहरात ओळख नाही, खाणावळ परवडत नाही. मग पदपथावरच तीन दगडांची चूल मांडावयाची व तेथेच रात्र काढावयाची. गाठीचे पैसे संपले की उपचार अर्धे टाकून रुग्णाला घरी नेण्यावाचून मार्ग उरत नसे. अशा वेळी रुग्ण जातो तो औषधावाचून नव्हे, तर निवाऱ्यावाचून.

महाराजांनी ही अडचण ओळखली. १९५४ साली त्यांनी जे. जे. रुग्णालयातील रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा बांधली. यात्रेकरूस जो आसरा चंद्रभागेच्या काठी मिळतो, तोच दुखणाइताच्या सोबत्यास रुग्णालयाजवळ मिळाला पाहिजे, हा त्यामागील विचार होय. भुकेल्यास अन्न आणि बेघरास आसरा यांबरोबरच रोग्यास औषधोपचार हेही ते देवाचेच काम मानीत.

महानिर्वाण व पुढील कार्य

८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे येथे महाराजांचे अखेरचे कीर्तन झाले. २० डिसेंबर १९५६ रोजी, प्रकृती ढासळल्याने अमरावतीस नेत असता, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर त्यांनी देह ठेवला. त्यांची समाधी अमरावती येथे आहे. अमरावती विद्यापीठास २००५ साली त्यांचे नाव देण्यात आले.

त्यांच्या पश्चात मुंबईत दादर येथेही धर्मशाळा झाली. परळच्या टाटा रुग्णालयात उपचार घेणारे कर्करोगाचे रुग्ण व त्यांचे नातलग तेथे अल्प शुल्कात राहतात. हे रुग्णालय सर दोराबजी टाटा ट्रस्टने १९४१ साली सुरू केले. किरणोपचार पुष्कळदा कित्येक आठवडे चालतो. त्यासाठी रुग्णालयात दाखल व्हावे लागतेच असे नाही. पण आठवड्यातील बहुतेक दिवस तेथे हजर राहावे लागते. परगावच्या रुग्णास राहण्याची जागा नसेल, तर उपचार फुकट असूनही त्याच्या उपयोगी पडत नाही. एका न्यासाने रुग्णालय बांधावे व दुसऱ्याने त्याजवळ आसरा द्यावा, तेव्हाच गरिबाचा उपचार पूर्ण होतो.

भाविकांच्या माहितीसाठी

महाराजांच्या हयातीतच, १९५० साली, सार्वजनिक न्यासांचा कायदा झाला. धर्मादाय रुग्णालयांसाठी मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवावयाच्या असतात. त्यासाठी निर्धन रुग्ण निधी असतो. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला व शिधापत्रिका सोबत न्यावी आणि रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकांना भेटावे. तक्रार असल्यास ती जिल्ह्याच्या धर्मादाय सहआयुक्त अथवा सहायक आयुक्त कार्यालयात करता येते.

ही माहिती नसल्याने अनेक कुटुंबे हक्काच्या सवलतीस मुकतात आणि शेत गहाण टाकतात. आपल्या गावी असे कोणी आजारी असल्यास भाविकांनी त्यांना ही पाने वाचून दाखवावीत, ही नम्र विनंती.