पंडिता रमाबाईंचें उघडें दार

पंडिता रमाबाईंचें नांव आपल्या मंडळ्यांत कोणास ठाऊक नाहीं? त्यांचा जन्म १८५८ सालीं झाला व १८८३ सालीं इंग्लंडांत त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. विधवांसाठीं १८८९ सालीं त्यांनीं मुंबईस शारदासदन काढिलें व पुढच्या वर्षीं तें पुण्यास नेलें. तेथें कोणाहि मुलीच्या धर्मांत हात घालावयाचा नाहीं, असा नियम होता. बाईंनीं तो पाळिला. मात्र आपल्या खोलींत पवित्र शास्त्र वाचितांना व प्रार्थना करितांना त्या दार लावून घेत नसत. कांहीं मुली आपण होऊन तेथें बसूं लागल्या. शहरांत मोठा गवगवा झाला. १८९३ सालीं रानडे, भांडारकर आदि थोर सल्लागारांनीं अंग काढून घेतलें. अनेक पालकांनीं मुली परत नेल्या. दार लाविलें असतें तर हें संकट टळतें. पण बाईंनीं तें लाविलें नाहीं. पुढें दुष्काळांतल्या अनाथ मुलींस त्यांनीं केडगांवीं मुक्तिसदनांत आश्रय दिला, आणि १९२२ सालीं त्या प्रभूमध्यें निद्रा पावल्या.

प्रियजनहो, मुरुमसारख्या गांवीं शेजारी आमचा उपदेश क्वचितच ऐकतात. आमचें घर मात्र नित्य पाहतात. उसनें घेतलेलें धान्य आम्ही वेळेवर फेडितों काय? बांधाच्या तंट्यांत खरें बोलतों काय? घरांतील स्त्रियांस मानानें वागवितों काय? आमचें दार उघडें राहो, आणि आंत जें दिसेल त्यानें प्रभूच्या नांवास बट्टा न लागो.