एका ॲक्सलवर फक्त ५ टन : एव्हरार्ड कॅलथ्रॉपची गोष्ट

मी अकोल्याचा. पूर्वी मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरला जायची ती शकुंतला आमच्याकडे सगळ्यांना माहीत. तिच्या दोन रुळांमधलं अंतर फक्त ७६२ मिमी होतं; ब्रॉडगेजचं १६७६. एवढ्या चिंचोळ्या रुळांवरून कापसाच्या गाठी कशा जायच्या, हे शोधताना मला एव्हरार्ड कॅलथ्रॉप सापडला. शकुंतला त्याची नाही, पण याच मापाची बार्शी लाईट रेल्वे त्याची.

जन्म १८५७, इंग्लंड. १८८२ मध्ये तो जीआयपी रेल्वेत नोकरीला भारतात आला. इथे त्याला दिसलं की लहान गावांना रेल्वे हवी आहे, पण मोठ्या लाईनचा खर्च झेपत नाही.

त्याचं डोकं कुठे चाललं बघा. ॲक्सल म्हणजे दोन चाकं जोडणारा दांडा. रूळ किती मजबूत हवेत, हे सगळ्यात जड ॲक्सलवर ठरतं. सहसा तो इंजिनाचा असतो. म्हणजे रूळ महाग होतात ते इंजिनामुळे, आणि डबे मात्र ती ताकद वापरतच नाहीत. कॅलथ्रॉपने नियम केला: इंजिन असो की डबा, एका ॲक्सलवर जास्तीत जास्त ५ टन. इंजिनाचं वजन जास्त चाकांवर वाटलं. डबे दाबलेल्या पोलादी पत्र्याचे केले, म्हणजे रिकामा डबा हलका आणि माल जास्त. आम्ही ॲप लिहिताना २ जीबी रॅमचा फोन समोर ठेवतो ना, तसंच हे.

१८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी गाडी धावली. १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर जोडलं गेलं.

मधेच, १९१० मध्ये त्याचा मित्र चार्ल्स रोल्स विमान कोसळून गेला. हो, रोल्स-रॉइसमधला रोल्स. कॅलथ्रॉप पॅराशूटच्या मागे लागला. त्याच्या 'गार्डियन एंजल' पॅराशूटने १९१७ मध्ये लंडनच्या टॉवर ब्रिजवरून एका अधिकाऱ्याने उडी मारून दाखवली. पहिल्या महायुद्धात त्यानेच हेर खाली उतरवले. पण ब्रिटिश लढाऊ वैमानिकांना युद्ध संपेपर्यंत पॅराशूट मिळालंच नाही. पेटलेल्या विमानात कित्येक पोरं तशीच गेली. दिलेल्या कारणांपैकी एक होतं, वजन.

आयुष्यभर वजन कमी करणाऱ्या माणसाला हे उत्तर मिळालं. १९२७ मध्ये तो वारला.

आता मी कोडमधून काही काढतो, तेव्हा आधी बघतो: हे ओझं आहे, की कुणाचं पॅराशूट?