हेलियम विजयदुर्गावर सापडला का? नॉर्मन लॉकियर या कारकुनाची गोष्ट

१८ ऑगस्ट जवळ आला की व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरायला लागतो. १८६८ साली याच दिवशी नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने विजयदुर्ग किल्ल्यावरून सूर्यग्रहण पाहिलं आणि हेलियमचा शोध लावला, असा तो मेसेज. किल्ल्यावर त्या दिवशी हेलियम दिनही साजरा होतो. वाचून छाती फुगते, बोट आपोआप फॉरवर्डवर जातं. यातला माणूस खरा, किल्लाही खरा. तो माणूस त्या किल्ल्यावर आला होता, हेही खरं. पण कधी आला आणि कशाला, ते मेसेजमध्ये चुकलंय.

लॉकियरचा जन्म १७ मे १८३६ चा, इंग्लंडमधल्या रग्बी गावचा. त्याच्याकडे कॉलेजची डिग्री नव्हती. लंडनमध्ये युद्धखात्याच्या कचेरीत तो कारकून होता. दिवसा फायली आणि रात्री विम्बल्डनच्या घरी दुर्बीण, असा त्याचा दिनक्रम. आजच्या भाषेत साइड प्रोजेक्ट. फक्त त्याचा प्रोजेक्ट होता सूर्य.

आता थोडं रसायनशास्त्र, नाहीतर पुढची गंमत कळणार नाही. गॅसवर मिठाचं वरण उतू गेलं की निळी ज्योत क्षणभर पिवळीधमक होते, ते पाहिलंय ना? मीठ म्हणजे सोडियम आणि क्लोरीन या दोन मूलद्रव्यांचं संयुग. जेवणात आपल्याला सोडियम आणि क्लोरीन वेगळे ओळखू येत नाहीत, कारण संयुगात मूलद्रव्यांचे मूळ गुण लपून जातात. पण ज्योतीत मीठ फुटतं आणि सोडियम आपला रंग दाखवतो. हा प्रकाश काचेच्या लोलकातून पाहिला, तर पिवळ्या भागात दोन बारीक रेषा दिसतात, एक ५८९.० नॅनोमीटरवर आणि दुसरी ५८९.६ वर. सोडियम मिठातला असो की खाण्याच्या सोड्यातला, रेषा त्याच. प्रत्येक मूलद्रव्याचा असा स्वतःचा रेषांचा संच असतो, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखा. जर्मनीत बुन्सेन आणि किर्कहॉफ यांनी १८६० च्या सुमारास हे दाखवून दिलं. रेषा बघायच्या यंत्राला स्पेक्ट्रोस्कोप म्हणतात.

लॉकियरने हे यंत्र दुर्बिणीला जोडून सूर्याकडे वळवलं. सूर्याच्या कडेवर ज्वाळांसारखे झोत उठतात, पण ते फक्त खग्रास ग्रहणातच दिसायचे. चांगला स्पेक्ट्रोस्कोप असेल तर ग्रहण नसतानाही दिसतील, असं त्याचं म्हणणं होतं. रॉयल सोसायटीकडून पैसे मिळाले, पण यंत्र बनायला उशीर झाला. तोवर १८ ऑगस्ट १८६८ चं ग्रहण भारतावरून निघूनही गेलं.

ते ग्रहण इथे अनेकांनी पाहिलं. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल होता, गुंटूरला फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन होता. सूर्याच्या झोतात चमकणाऱ्या रेषा त्यांना दिसल्या. जान्सेनने तर दुसऱ्याच दिवशी, ग्रहण नसताना, तेच झोत पुन्हा पाहिले. आणि लॉकियर? तो इंग्लंडमध्ये यंत्राची वाट बघत बसला होता.

यंत्र ऑक्टोबरमध्ये हातात आलं. २० ऑक्टोबर १८६८ ला त्याने इंग्लंडमधूनच, साध्या दिवशी, झोताचा वर्णपट पाहिला. त्याचं आणि जान्सेनचं पत्र पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी वाचलं गेलं. पुढे फ्रेंच सरकारने दोघांचे चेहरे असलेलं पदक काढलं. पण ते पदक ग्रहणाशिवाय झोत बघायच्या पद्धतीसाठी होतं, हेलियमसाठी नाही. म्हणून जान्सेनने हेलियम शोधला असं सरसकट म्हणणंही मला पटत नाही.

खरी गोष्ट पिवळ्या रेषेची. सूर्यावरची पिवळी रेषा सोडियमच्या जवळ होती, पण नेमकी त्या जागी नव्हती. ती ५८७.६ नॅनोमीटरवर होती. फरक दीड-दोन नॅनोमीटरचा. दुसऱ्या कुणी तो सोडून दिला असता. लॉकियरने एडवर्ड फ्रँकलंड या रसायनशास्त्रज्ञाबरोबर प्रयोगशाळेत हायड्रोजन वेगवेगळ्या दाबाखाली तपासून पाहिला, ती रेषा काही आली नाही. मग त्याने ठरवलं की हे पृथ्वीवर कुणालाच माहीत नसलेलं मूलद्रव्य आहे. ग्रीक भाषेत सूर्य म्हणजे हेलिओस, त्यावरून हेलियम. नावाची शेवटची ‘इयम’ ही सोडियम, पोटॅशियमसारख्या धातूंची शेपटी. निघाला मात्र वायू.

पंचवीसेक वर्षं बहुतेक रसायनशास्त्रज्ञांनी हे मानलंच नाही. त्यांचाही दोष नव्हता म्हणा. बाटलीत भरता येत नाही, तराजूत टाकता येत नाही, तर मूलद्रव्य कसं मानायचं? शेवटी मार्च १८९५ मध्ये लंडनला विल्यम रॅमसेने क्लेव्हाइट नावाच्या युरेनियमच्या खनिजावर आम्ल टाकलं. निघालेल्या वायूत तीच पिवळी रेषा होती. रॅमसेने नमुना लॉकियरकडेही पाठवला. सत्तावीस वर्षं ज्याच्यासाठी भांडला, तो हेलियम आता नळीत बंद होऊन समोर आला.

त्यानंतर तीन वर्षांनी तो विजयदुर्गावर आला. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी, मुलाला आणि सहकाऱ्यांना घेऊन. मदतीला ब्रिटिश नौदलाचं मेलपोमीन हे जहाज आणि त्यावरचे खलाशी. ग्रहणात काही सेकंद दिसणाऱ्या सूर्याच्या कडेचा वर्णपट फोटोत पकडायचा होता. किल्ल्यावरच्या त्यांच्या चौथऱ्यांना लोक अजून साहेबांचे ओटे म्हणतात. सावली पुढे जेऊरवरून वऱ्हाडात तळणीकडे गेली, तिथेही निरीक्षकांचे तळ होते. आमच्या केनवडहून त्या दुपारी कुणी वर पाहिलं असेल, तर त्यालाही सूर्य जवळजवळ झाकलेलाच दिसला असणार. म्हणजे विजयदुर्गाचा मान खोटा नाही. फक्त तिथे हेलियम सापडला नाही, तिथे हेलियमवाला आला.

लॉकियरची बाकीची कामंही लहान नाहीत. १८६९ मध्ये त्याने ‘नेचर’ हे साप्ताहिक सुरू केलं आणि पन्नास वर्षं चालवलं. आज त्यात पेपर छापून यावा म्हणून जगभरचे शास्त्रज्ञ धडपडतात.

त्याचा एक विचार मात्र कुणाला पचला नाही. फार तापलेल्या ताऱ्यांत मूलद्रव्यांच्या नेहमीच्या रेषा बदलतात, म्हणजे तिथे मूलद्रव्यंच फुटून आणखी साधी होतात, असं तो म्हणायचा. लोकांनी टर उडवली. मूलद्रव्य फुटत नव्हतं, पण अणूतून इलेक्ट्रॉन निघून जात होता आणि त्यामुळेच रेषा बदलत होत्या. त्याने पाहिलेलं बरोबर होतं, लावलेला अर्थ अर्धाच बरोबर होता. १६ ऑगस्ट १९२० ला तो वारला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मेघनाद साहा यांचा पेपर छापून आला आणि तापमान वाढलं की अणूतून इलेक्ट्रॉन किती सुटतात, याचं गणित जगाला मिळालं. साहांनी त्यासाठी लॉकियरच्या त्याच रेषा वापरल्या होत्या.