प्लेगशी झुंजणारे डॉ. वू लिएन-तेह

धैर्याची थोरवी आपण सर्वजण बालपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु धैर्य म्हणजे संकटाला तुच्छ लेखणे, की संकटाची खरी ओळख करून घेऊन त्याच्यासमोर उभे राहणे, याचा विचार आपण क्वचितच करतो. २०२० साली करोनाची साथ आपल्या दाराशी येऊन ठेपली, तेव्हा हा प्रश्न पुस्तकातून उठून घराघरांत आला. आमच्या विद्यार्थ्यांच्या पालकांत परिचारिका आहेत, आशा सेविका आहेत, रुग्णवाहिकेचे चालक व सफाईचे काम करणारेही आहेत. त्या दिवसांत ही मंडळी रोज कामावर जात होती. कोणी आपणांस काही होणार नाही असे म्हणत जात होता, कोणी सर्व काही नशिबावर सोपवून जात होता, तर कोणी भीत भीत, पण तोंडावरची पट्टी नीट बांधून जात होता. यांपैकी खरा धैर्यवान कोण? शंभराहून अधिक वर्षांपूर्वी उत्तर चीनमधील एका थंडगार शहरात हाच प्रश्न उभा राहिला होता. त्या वेळी ज्या तरुण डॉक्टराने त्याचे उत्तर आपल्या आचरणाने दिले, त्याचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सांगत आहोत.

डॉ. वू लिएन-तेह यांचा जन्म १० मार्च १८७९ रोजी मलाया द्वीपकल्पालगतच्या पेनांग बेटावर झाला. त्यांचे वडील दक्षिण चीनमधून पोट भरण्यासाठी तेथे आलेले सोनार होते. घर मोठे होते, मुले पुष्कळ होती आणि श्रीमंती मुळीच नव्हती. पेनांगच्या फ्री स्कूलमध्ये या मुलाने अभ्यासात अशी चमक दाखविली की, १८९६ साली त्याला इंग्लंडमध्ये उच्च शिक्षण घेण्यासाठी राणीच्या नावाची शिष्यवृत्ती मिळाली. केंब्रिजच्या इमॅन्युएल कॉलेजात तो दाखल झाला. त्या विद्यापीठात वैद्यक शिकणारा हा चिनी वंशाचा पहिलाच विद्यार्थी होय. पुढे लंडनचे सेंट मेरी रुग्णालय, लिव्हरपूल येथील उष्ण प्रदेशांतील रोगांचे विद्यालय आणि पॅरिसची पाश्चर संस्था अशा ठिकाणी त्यांनी अध्ययन केले, आणि १९०३ साली ते मायदेशी परतले.

ज्या १८९६ साली वू शिष्यवृत्ती मिळवीत होते, त्याच साली आपल्या मुंबईवर प्लेगची धाड आली. मांडवी भागातील रोग्यांत हा रोग प्रथम ओळखला तो डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी. पुढल्याच वर्षी डॉ. हाफकिन यांनी मुंबईत प्लेगवरील लस सिद्ध केली आणि तिची पहिली टोचणी स्वतःच्या अंगावर करून घेतली. त्यानंतरच्या काही वर्षांत मुंबईतील संशोधकांनी हा रोग उंदरांच्या अंगावरील पिसवांमुळे माणसाला होतो, हे निर्विवाद दाखवून दिले. हे ज्ञान जगभर पसरले, आणि प्लेग म्हटला की उंदीर असे समीकरण डॉक्टरांच्या मनात पक्के बसले. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे हेच खरे ज्ञान अपुरे ठरून एका विद्वानाच्या जिवावर बेतले.

पेनांगला परतल्यावर डॉ. वू यांना सरकारी वैद्यकखात्यात मोठी जागा मिळाली नाही, कारण त्या जागा युरोपियनांसाठीच राखलेल्या असत. त्यांनी स्वतःचा दवाखाना घातला आणि आपल्या समाजाला पोखरणाऱ्या अफूच्या व्यसनाविरुद्ध चळवळ उभारली. अफूच्या व्यापारावर गबर झालेल्यांना हे कसे रुचावे? औषधासाठी ठेवलेल्या थोड्याशा अफूच्या अर्काचे निमित्त करून त्यांच्यावर खटला भरण्यात आला व दंडही झाला. मन विटून गेले असताच चीन सरकारचे बोलावणे आले, आणि १९०८ साली तिएन्त्सिन येथील लष्करी वैद्यक विद्यालयाचे उपप्रमुख म्हणून ते काम पाहू लागले.

१९१० सालच्या अखेरीस मांचुरियात एक भयंकर रोग सुरू झाला. त्या प्रांतात मार्मोट नावाचा, बिळात राहणारा, खारीच्या कुळातील प्राणी असतो. त्याच्या कातड्याला त्या काळी फार भाव आला होता, म्हणून हजारो नवशिके मजूर शिकारीस लागले. जुने जाणते शिकारी मलूल जनावराला हात लावीत नसत. नवख्यांना तो विवेक नव्हता. हे लोक दाटीवाटीने गलिच्छ धर्मशाळांत राहत आणि नव्या आगगाडीने दूरदूर प्रवास करीत. रोग्यास ताप येई, खोकला येई, थुंकीतून रक्त पडे, आणि दोन-तीन दिवसांत तो मरण पावे. बरा होणारा रोगी जवळजवळ नव्हताच. हार्बिन या रेल्वेच्या ठाण्याशी लागून असलेल्या फूजियादियान नावाच्या चिनी वस्तीत तर प्रेतांचे ढीग पडू लागले. सरकारने डॉ. वू यांना तिकडे जाण्याची आज्ञा केली. २४ डिसेंबर १९१० रोजी, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, एक तरुण सहायक आणि एक सूक्ष्मदर्शक यंत्र घेऊन ते त्या हाडे गोठविणाऱ्या थंडीत हार्बिनला उतरले.

तीनच दिवसांनी एका धर्मशाळेच्या मालकाची जपानी पत्नी या रोगाने वारली. शवविच्छेदन करणे त्या काळी चिनी रूढीला अगदी असह्य होते, तरीही डॉ. वू यांनी ते गुपचूप उरकले. फुप्फुसांत प्लेगचे जंतू खच्चून भरलेले आढळले. इकडे शेकडो उंदीर तपासून पाहिले, तरी त्यांत प्लेगचा मागमूसही लागेना. त्यांनी या दोन गोष्टींची सांगड घातली आणि निष्कर्ष काढला की हा प्लेग फुप्फुसांचा आहे. याला उंदीर-पिसवांची गरज नाही. रोग्याच्या खोकल्यातून उडणाऱ्या तुषारांनी तो माणसाकडून माणसाकडे थेट जातो. मग उपायही त्यांना साधाच सुचला. जाळीदार सुती कापडाच्या पदरांत औषधी कापसाची घडी घालावी, कापडाची टोके फाडून त्यांचे बंद करावे आणि ते डोक्यामागे घट्ट बांधावे. नाक व तोंड झाकणारी ही पट्टी कोणाही गरिबाला परवडेल इतकी स्वस्त होती. रोग्यांजवळ जाणाऱ्या प्रत्येकाने, मग तो डॉक्टर असो वा प्रेते उचलणारा मजूर असो, ती बांधलीच पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

अनेकांना हे पटले नाही. त्यांच्यापैकी डॉ. मेनी हे फ्रेंच गृहस्थ तिएन्त्सिनच्या दुसऱ्या एका वैद्यक विद्यालयात शिकवीत असत. वयाने व अनुभवाने ते वडील होते, आणि या कामाची सूत्रे आपल्या हाती असावीत अशी त्यांची इच्छा होती. डॉ. वू यांनी आपला निष्कर्ष त्यांच्यापुढे मांडला, तेव्हा ते संतापले. एका तरुण चिनी डॉक्टराने आपणांस शिकवावे, हे त्यांना अपमानास्पद वाटले. डॉ. वू यांनी वाद वाढविला नाही. आपल्यावर विश्वास नसेल तर आपणांस मोकळे करावे, अशी तार त्यांनी पेकिंगला केली. सरकारने त्यांनाच कायम केले. त्यानंतर लवकरच डॉ. मेनी रशियन रुग्णालयात गेले. अंगरखा, टोपी व हातमोजे त्यांनी घातले होते, परंतु तोंडावर पट्टी बांधली नव्हती. त्यांनी प्लेगचे रोगी तपासले. थोड्याच दिवसांत त्यांना थंडी वाजून ताप भरला, खोकला सुरू झाला, आणि ११ जानेवारी १९११ रोजी त्यांचा अंत झाला.

डॉ. मेनी यांना आम्ही भित्रे म्हणू शकत नाही, तसेच अज्ञही म्हणू शकत नाही. धैर्य त्यांच्यापाशी भरपूर होते, विद्याही होती. उणीव होती ती एकाच गोष्टीची. संकट आपल्या ठाऊक असलेल्या रूपाहून वेगळ्या रूपाने येऊ शकते, हे मान्य करण्याइतकी नम्रता त्या क्षणी त्यांच्या ठायी नव्हती. त्यांच्या मृत्यूची वार्ता पसरताच हार्बिन हादरले. जे काम तरुण डॉक्टराच्या विनवण्यांनी झाले नव्हते, ते या एका मरणाने झाले. रस्त्यांवर ज्याच्या त्याच्या तोंडावर पट्टी दिसू लागली.

तथापि अशीही उदाहरणे घडली की ज्यांपुढे आपण मस्तक नमविले पाहिजे. मुकडेन येथे डॉ. आर्थर जॅक्सन हे अवघ्या सव्वीस वर्षांचे मिशनरी डॉक्टर होते; तेही केंब्रिजचेच पदवीधर. आगगाडीतून परत पाठविलेल्या मजुरांची तपासणी त्यांनी पत्करली. ते पांढरा अंगरखा व तोंडावर पट्टी घालून काम करीत. इतकी दक्षता घेऊनही त्यांना रोग जडला, आणि २५ जानेवारी १९११ रोजी ते निवर्तले. दक्षतेने धोका पुष्कळ कमी होतो, अगदी नाहीसा होत नाही, हे जाणूनच अशी माणसे पुढे जातात. उलट फूजियादियानमधील एका ख्रिस्ती मिशनच्या आवारात रोगी लपवून ठेवण्यात आले, आणि तेथील बहुतेक रहिवासी प्राणांस मुकले. आम्ही स्वतः ख्रिस्ती असल्यामुळे ही गोष्ट लिहिताना मनाला वेदना होतात. तरी ती झाकून ठेवणे उचित नव्हे. श्रद्धा माणसाला रोग्याजवळ जाण्याचे बळ देते; रोग लपविण्याची मुभा ती देत नाही.

डॉ. वू यांनी सर्व वस्तीचे चार विभाग पाडले व प्रत्येकावर एक डॉक्टर नेमला. घरोघर तपासणी होऊ लागली. रोग्यांच्या सहवासात आलेल्यांना ठेवण्यासाठी रशियनांकडून मालगाडीचे सुमारे १२० डबे मागून घेतले. त्यांत लोकांना ठेवून रोज त्यांचा ताप पाहण्यात येई, आणि निरोगी ठरलेल्यांना घरी सोडण्यात येई. रेल्वेची वाहतूक आवरली, सैन्याचा पहारा बसविला. तरीही मृत्यूंचा आकडा एका दिवसात १८३ पर्यंत चढला. मग स्मशानातील भयानक दृश्य त्यांच्या दृष्टीस पडले. जमीन गोठून दगडासारखी झाल्याने प्रेते पुरता येत नव्हती. दोन हजारांहून अधिक प्रेते उघड्यावर पडून होती. त्यांचे दहन करावे तर चिनी माणसाच्या पितृभक्तीला तो मोठा आघात होता. डॉ. वू यांनी अधिकाऱ्यांना स्वतः स्मशानात नेऊन ते दृश्य दाखविले आणि बादशहाकडे परवानगी मागितली. ती मिळाली. चिनी नववर्षाच्या दुसऱ्या दिवशी, ३१ जानेवारी १९११ रोजी, चिता पेटल्या. त्यानंतर साथ उतरू लागली, आणि १ मार्चला फूजियादियानमधील शेवटच्या रोग्याची नोंद झाली. मांचुरियात व आसपास मिळून सुमारे ६०,००० माणसे या साथीत दगावली. या रोगावर गुणकारी औषध त्या काळी कोठेच नव्हते, हे लक्षात घेतले म्हणजे चार महिन्यांत तो आटोक्यात आला हा केवढा विजय होता, ते कळेल.

या विजयाचे मोल कोणी दिले? डॉक्टरांपेक्षाही ते अधिक दिले रोगी वाहून नेणाऱ्यांनी, पहारेकऱ्यांनी आणि प्रेते उचलणाऱ्या मजुरांनी. त्यांच्यातील कित्येक मृत्युमुखी पडले, आणि त्यांची नावे आज आपणांस ठाऊक नाहीत. पोटासाठी आलेल्या माणसाला धोका पत्करू की नको असे विचारण्याची सवड नसते. म्हणूनच काम देणाऱ्याने त्याच्या रक्षणाची काळजी प्रथम वाहिली पाहिजे. डॉ. वू यांची पट्टी स्वस्त व सर्वांसाठी एकच होती, यात आम्हांला त्यांच्या हृदयाची थोरवी दिसते.

एप्रिल १९११ मध्ये मुकडेन येथे अकरा राष्ट्रांच्या शास्त्रज्ञांची प्लेगपरिषद भरली, आणि तिचे अध्यक्षस्थान डॉ. वू यांना मिळाले. पुढे मांचुरियाच्या प्लेगप्रतिबंधक खात्याचे ते प्रमुख झाले. १९२०-२१ साली साथ पुन्हा आली, तेव्हा पूर्वतयारीमुळे सुमारे नऊ हजारांवरच ती थांबली. चिनी वैद्यक संघाच्या स्थापनेत त्यांचा मोठा वाटा होता, आणि १९३० साली बंदरांवरील विलगीकरणाचे राष्ट्रीय खाते त्यांच्या हाती आले. १९३५ साली नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव सुचविण्यात आले होते. १९३७ साली जपानने चीनवर आक्रमण केल्यावर ते मलायात परतले, आणि इपोह या गावी सामान्य दवाखाना चालवून म्हातारपणापर्यंत गोरगरिबांची सेवा करीत राहिले. २१ जानेवारी १९६० रोजी, जेथे ते जन्मले त्या पेनांगमध्येच, वयाच्या ऐंशीव्या वर्षी त्यांनी देह ठेवला.

विद्यार्थिबंधुभगिनींनो, तुमच्यापैकी कोणी पुढे डॉक्टर होईल, कोणी परिचारिका होईल, कोणी गिरणीत वा विजेच्या खांबावर काम करील. प्रत्येक कामात काही ना काही धोका असतोच. त्या वेळी कोणी हसले म्हणून आपले साधन उतरवून ठेवू नका, आणि भीती वाटली म्हणून आपले काम सोडून पळू नका. जो स्वतःला सांभाळतो, तो आपल्या हाताखालून जाणाऱ्या पुढच्या रोग्यालाही सांभाळत असतो. आणि घरी वाट पाहणाऱ्या लेकरांनाही. त्या दिवसांत ज्या पालकांनी तोंडावर पट्टी बांधून रोज उंबरा ओलांडला, त्यांच्या मुलांनी आज घरी गेल्यावर त्यांना एकदा विचारावे की, आई, बाबा, तेव्हा तुम्हांला भीती वाटत होती का? मिळणारे उत्तर या चरित्राहून अधिक काळ तुमच्या स्मरणात राहील, अशी आमची खात्री आहे.